डोंगर सरकारचा, उतार मक्त्याचा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोलोरॅडो, युटा, कॅलिफोर्निया यांसारख्या पर्वतमय प्रांतांत हिवाळा स्थिरावला, की डोंगरांच्या पायथ्याशी सकाळपासून माणसांची रीघ लागते, आणि पायांना लांब, निमुळत्या पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येण्याच्या एका दिवसाच्या सुखासाठी व्हेलसारख्या नामांकित ठिकाणी, ऐन गर्दीच्या दिवसांत, माणशी तीनशे डॉलरांहूनही अधिक दाम मोजला जातो. एवढी रक्कम देणाऱ्याची स्वाभाविक समजूत अशी होते, की ज्या कंपनीने तिकीट फाडले तिचाच हा डोंगर असला पाहिजे. वस्तुस्थिती निराळी आहे. पाळणे कंपनीचे, उपाहारगृहे कंपनीची, रात्रभर उतारावर फिरून बर्फ सारखे करणारी अवजड यंत्रेही कंपनीची. परंतु पश्चिमेकडील बहुतेक मोठ्या स्की-क्षेत्रांत या सर्वांच्या खालची जमीन संघराज्याच्या वनखात्याची, म्हणजे पर्यायाने अमेरिकन प्रजेची असते. राष्ट्रीय वनांच्या हद्दीत पूर्णतः वा अंशतः वसलेली अशी १२२ स्की-क्षेत्रे त्या देशात आहेत, आणि त्यांचे चालक, कितीही धनाढ्य असले तरी, कायद्याच्या दृष्टीने केवळ मक्तेदार आहेत.

या मक्त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. १९८६ साली काँग्रेसने मंजूर केलेल्या कायद्यान्वये वनखात्याला स्की-क्षेत्राच्या चालकास चाळीस वर्षांपर्यंतच्या मुदतीचा परवाना देता येतो, आणि १९९६ च्या कायद्याने त्याचे भाडे उत्पन्नाच्या चढत्या टप्प्यांप्रमाणे दीड टक्क्यापासून चार टक्क्यांपर्यंत ठरवून दिले. हा महसूल वॉशिंग्टनच्या खजिन्यात जमा होतो. ज्या वनातून तो निघाला त्या वनाच्या दप्तरी तो फिरून येत नाही, ही डोंगराळ मुलखातील जुनी तक्रार असून, त्यातला काही अंश स्थानिक वनकचेरीकडेच राहावा अशा आशयाचे विधेयक २०२१ साली सेनेटपुढे आले, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांत स्की-क्षेत्रचालकांची राष्ट्रीय संघटनाही होती. भाडे भरणाऱ्यानेच भाड्याच्या विनियोगाविषयी इतकी आस्था बाळगावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण नवा पाळणा उभारायचा, झाडे तोडून नवी वाट काढायची, तर दरखास्तीवर शेरा मारणारा अधिकारी जागेवर हजर असावा लागतो, आणि त्याच्या पगाराची तरतूद नसेल तर दरखास्त वर्षानुवर्षे फडताळात पडून राहते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आस्थेचा उलगडा होतो.

या लेखी भाड्याखेरीज मक्तेदाराला आणखी एक भाडे द्यावे लागते, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही करारपत्रात नसतो. १९७० पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यामुळे सरकारी जमिनीवरील मोठ्या कामास मंजुरी देण्यापूर्वी परिणामांची लेखी चौकशी करणे, तिचा मसुदा जाहीर करणे आणि आलेल्या हरकतींना उत्तर देणे वनखात्यास प्राप्त झाले. त्यामुळे पायथ्याच्या गावातील शिक्षकापासून शिकाऱ्यापर्यंत कोणालाही डोंगरावरील बांधकामाविषयी आपले म्हणणे दप्तरात नोंदविता येते. अशा परिस्थितीत शेजाऱ्यांची मर्जी सांभाळणे ही औदार्याची बाब कमी आणि व्यवहाराची अधिक ठरते. शाळकरी मुलांना स्वस्त तिकिटे, रुग्णालयासाठी निधी, वणव्यानंतर वृक्षारोपण, नोकरांसाठी घरे, अशी जी वृत्ते स्की-व्यवसायाच्या संघटना दर हंगामात प्रसिद्ध करीत असतात, ती या अलिखित भाड्याच्या पावत्या म्हणून वाचली तर अधिक बोलकी होतात. कोणती पावती खरी आणि कोणती नुसतीच शिक्का मारलेली, एवढाच प्रश्न उरतो.

या व्यवसायाचा उगम मोठा मौजेचा आहे. १९३४ च्या जानेवारीत व्हरमाँट प्रांतातील वुडस्टॉक येथे एका शेतकऱ्याच्या टेकाडावर जुन्या फोर्ड मोटारीच्या इंजिनाला दोर जोडून लोकांना वर ओढून नेण्याची सोय झाली, आणि चढण्याचे कष्ट नाहीसे होताच घसरण्याची हौस वणव्यासारखी पसरली. दोनच वर्षांनी, १९३६ साली, युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्षस्थान भूषविणाऱ्या अ‍ॅव्हरल हॅरिमन यांनी हिवाळ्यात रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांना उतारू मिळावेत म्हणून आयडाहोतील सन व्हॅली येथे विहारधाम वसविले, तेव्हा त्यांच्या कंपनीतील जेम्स करन नावाच्या अभियंत्याने जहाजावर केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्राची युक्ती उचलून, आकड्यांच्या जागी खुर्च्या टांगून, जगातील पहिली चेअरलिफ्ट सिद्ध केली. उष्ण कटिबंधातील फळाने हिमप्रदेशातील क्रीडेला असा हात द्यावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराला सुचला असता तर आपण त्याला असंभाव्यतेचा दोष दिला असता.

महायुद्धाने या हौसेला शिस्त आणि माणसे दिली. विम्याचा व्यवसाय करणारे चार्ल्स मायनट डोल यांना स्वतःच्या अपघाताचा आणि एका मित्राच्या मृत्यूचा अनुभव आल्यावर त्यांनी १९३८ साली उतारांवरील जखमींना साहाय्य करणारे राष्ट्रीय स्वयंसेवक पथक उभे केले, आणि पुढे त्यांच्याच आग्रहामुळे लष्कराने पर्वतयुद्धासाठी जी दहावी तुकडी निर्माण केली, तिने कोलोरॅडोतील कॅम्प हेल येथे बर्फात तालीम घेऊन १९४५ साली इटलीच्या डोंगरांत लढाई केली. तेथून परतलेल्या सैनिकांनी शांततेच्या काळात आपले कसब डोंगरांच्या कामी लावले. पीट सायबर्ट हे त्यांपैकीच. युद्धात जबर जखमी होऊनही त्यांनी अर्ल ईटन या सहकाऱ्यासमवेत व्हेलचा डोंगर हेरला, वनखात्याकडून परवाना मिळविला आणि १९६२ च्या डिसेंबरात तेथे पाळणे सुरू केले.

त्याच १९६२ साली नॅशनल स्की एरियाज असोसिएशन ही चालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिची कचेरी डेन्व्हरनजीक लेकवुड येथे असून, तीनशेंहून अधिक क्षेत्रे तिची सभासद आहेत, आणि देशातील स्कीइंगचा नव्वद टक्क्यांहून अधिक व्यवहार या सभासदांच्या उतारांवर होतो. धंद्याच्या कोणत्याही महामंडळाप्रमाणे कायदेमंडळात वकिली करणे, विमेदारांशी घासाघीस करणे, पाळण्यांच्या सुरक्षिततेचे दंडक ठरविणे, वार्षिक अधिवेशनात पारितोषिके वाटणे ही तिची नित्याची कामे होत. उतारावर वागण्याची एक आचारसंहिता ती प्रसृत करते, आणि तीत पूर्वी सात कलमे होती ती २०२२ साली दहा झाली. जो पुढे आहे, म्हणजे उतारावर आपल्या खाली आहे, त्याचा मार्गावर पहिला हक्क, हे त्यांतील महत्त्वाचे कलम होय.

परंतु या व्यवसायाला संघटनेची खरी निकड कशी भासली हे व्हरमाँटमधील एका खटल्यावरून कळते. १९७४ साली स्ट्रॅटन येथील सोप्या उतारावर एका नवशिक्या तरुणाची स्की बर्फाखालच्या झुडपात अडकली, तो पडला, आणि त्याचे हातपाय कायमचे निकामी झाले. ज्यूरीने त्याला पंधरा लाख डॉलरांची भरपाई देवविली, आणि १९७८ साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तोवर डोंगरावर येणाऱ्याने डोंगराचे धोके पत्करलेले असतात असे न्यायालये धरून चालत असत. आता उताराची निगा राखल्याची जाहिरात करणाऱ्याला ती निगा न राखल्याचा जाब द्यावा लागेल असे दिसू लागले. विमेदार बिथरले, हप्ते भडकले, आणि चालकांनी विधिमंडळांकडे धाव घेतली. व्हरमाँटने त्याच वर्षी आणि कोलोरॅडोने १९७९ साली कायदे करून या क्रीडेत अंगभूत असलेल्या धोक्यांचा भार पुन्हा क्रीडकाच्या माथी ठेवला. संघटनेच्या शक्तीचा हा पुरावा खराच. पण ती शक्ती प्रथम प्रकट झाली ती जबाबदारी मर्यादित करून घेण्यासाठी, हे विसरता कामा नये.

संघटनेच्या कामांपैकी मला सर्वांत उपयुक्त वाटते ते म्हणजे १९७८-७९ च्या हंगामापासून चालू असलेले तिचे वार्षिक निरीक्षण. त्यातील आकडे सांगतात, की १९८२-८३ साली देशात ७३५ क्षेत्रे चालू होती, ती अलीकडे पाचशेच्याही खाली, सुमारे ४८० वर आली आहेत. आणि तरीही २०२२-२३ च्या हंगामात उतारांवर झालेल्या भेटींची संख्या साडेसहा कोटींच्या घरात जाऊन तिने पूर्वीचे सारे उच्चांक मागे टाकले. डोंगर घटले आणि माणसे वाढली, याचा अर्थ असा, की जी क्षेत्रे बंद पडली ती मुख्यतः लहान, गावालगतची, एखाद्या दोरावर चालणारी, जेथे शाळा सुटल्यावर पोरे घसरायला जात. आणि जी उरली त्यांतील मोठी दूरच्या भागधारकांच्या कंपन्यांच्या पंखाखाली गेली. व्हेल रिसॉर्ट्स ही कंपनी १९९७ पासून शेअरबाजारात आहे आणि अल्टेरा ही दुसरी २०१७ पासून अस्तित्वात आली. अनेक डोंगरांवर चालणारा एकच हंगामी परवाना विकून या दोघींनी बाजार आपल्याकडे वळविला. पूर्वी जे नाते आपोआप असे, म्हणजे पाळण्याचा मालक, शाळेच्या समितीचा सभासद आणि किराणा दुकानाचा गिऱ्हाईक ही एकच व्यक्ती असे, ते तुटल्यामुळेच आता लोकसहभागाचा स्वतंत्र विभाग, त्याचा अधिकारी आणि त्याचे अंदाजपत्रक यांची गरज उत्पन्न झाली आहे.

या विभागांची कामे कुत्सितपणे मोडीत काढणे अन्यायाचे होईल. प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलांना नाममात्र मूल्यात अनेक डोंगरांवर जाऊ देणारी योजना कोलोरॅडो आणि युटा येथील प्रांतिक संघटना चालवितात, आणि ज्या कुटुंबाला तीनशे डॉलरांचे तिकीट स्वप्नवत आहे त्याच्या मुलाला तीमुळे एक हिवाळा लाभतो. भावी गिऱ्हाइकाची जोपासना हाही तीत हेतू असला तरी मुलाला त्याचे काय? तथापि संघटनेच्या घोषणा आणि सभासदांचे आचरण यांत अंतर पडते याचा दाखला तिच्याच एका उपक्रमाने दिला आहे. २००० साली तिने पर्यावरणरक्षणाची स्वेच्छेने पाळावयाची सनद जाहीर केली, अनेक क्षेत्रांनी तीवर सह्या केल्या, आणि होर्हे रिव्हेरा व पीटर डी लिऑन या अभ्यासकांनी २००४ साली पश्चिमेकडील क्षेत्रांची तुलना करून दाखविले, की सह्या करणाऱ्यांची पर्यावरणविषयक कामगिरी सह्या न करणाऱ्यांपेक्षा सरस नव्हती, किंबहुना उणीच होती. ज्या सनदेला तपासनीस नाही आणि मोडल्याचा दंड नाही, तिच्या आश्रयाला ज्यांना आश्रयाची अधिक गरज आहे तेच प्रथम येणार, हा मनुष्यस्वभाव आहे. उलट अ‍ॅस्पेनच्या कंपनीने २०१२ साली सॉमरसेट येथील कोळशाच्या खाणीतून वाया जाणारा मिथेन वायू अडवून तीन मेगावॉट वीज निर्माण करण्याच्या कामी भांडवल घातले, तेथे पैसा प्रत्यक्ष खर्ची पडला आणि वायू प्रत्यक्ष जळला. ही पावती मी खरी समजतो.

आता डोंगर आणि गाव यांच्यामध्ये मक्तेदारच नसेल तर काय घडते, हे पाहण्यासाठी कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावी गेले पाहिजे. कार्ल हॉवेल्सन नावाचा एक नॉर्वेजियन, जो सर्कशीत स्कीवरून उड्या मारून प्रेक्षकांना थक्क करीत असे, तो गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे येऊन राहिला, त्याने गुराख्यांच्या त्या वस्तीला उड्डाणाचे वेड लावले, आणि १९१४ साली गावात हिवाळी उत्सव भरविला. नदीपलीकडच्या टेकडीवर १९१५ पासून स्कीइंग अखंड चालू आहे, आणि उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुने अखंडित चालू स्की-क्षेत्र म्हणून ती आज हॉवेल्सन हिल या नावाने ओळखली जाते. तिची मालक नगरपालिका आहे. उतारावरील घसरणारी माती आवरण्यासाठी तिला वेळोवेळी खर्च सोसावा लागतो, टेकडीपासून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे असते, आणि असे असूनही हिवाळ्यातील रविवारी तेथे कोणालाही विनामूल्य घसरू देण्याची प्रथा नगरपालिकेने घातली आहे. उत्सवात मुख्य रस्त्यावर बर्फ अंथरून घोड्यांच्या मागे दोर धरून मुले स्कीवरून ओढली जातात, शाळेचा वाद्यवृंदही स्कीवर उभा राहून वाजवीत जातो, आणि रात्री अंगभर दिवे व शोभेची दारू लावलेला एक पुरुष टेकडीवरून खाली येतो. या इवल्याशा टेकडीवर शिकलेले अनेक क्रीडक ऑलिंपिकला गेले. त्याच गावी मोठ्या कंपनीचे मोठे क्षेत्रही आहे, आणि प्रवासी त्याच्यासाठीच येतात. पण गावकऱ्यांना आपली म्हणून दाखवावीशी वाटते ती मात्र नगरपालिकेची टेकडी.

व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेनची कथा महाराष्ट्रीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. रोलंड पामेडो यांनी १९४८ साली सुरू केलेल्या या क्षेत्राची एकट्या माणसाला वर नेणारी एकेरी खुर्ची सुरुवातीपासून प्रसिद्ध आहे. पुढे मालकी बेट्सी प्रॅट यांच्याकडे आली, आणि त्यांना डोंगर विकण्याची वेळ आली तेव्हा एखाद्या मोठ्या कंपनीने तो घेऊन तेथे हॉटेले उठवावीत हे त्यांना रुचेना. आपल्याकडे १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी उसाच्या शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखान्याची मालकी आपसांत वाटून घेतली, त्याच धर्तीवर येथे स्कीइंग करणाऱ्यांनी १९९५ साली सहकारी संस्था काढली, सुमारे दीड हजार डॉलरांचा एक असे भाग विकले, आणि पंचवीस लाख डॉलरांना डोंगर विकत घेतला. सभासदांचे राज्य म्हणजे सुधारणेला विरोध, अशी टीका येथेही होते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही: स्नोबोर्डला तेथे आजही मज्जाव आहे, बर्फ पाडणारी यंत्रे अगदी थोडी आहेत, आणि जुनी एकेरी खुर्ची मोडकळीस आली तेव्हा, अधिक माणसे वाहून नेणाऱ्या दुहेरी खुर्चीचा पर्याय समोर असताना, सभासदांनी जुनीच दुरुस्त करण्याचा कौल दिला, आणि २००७ साली ती नव्याने तशीच फिरू लागली. रांग लांबते, आणि ती आपणच मान्य केली आहे हे ठाऊक असल्यामुळे कोणी कुरकुरत नाही. कुरकुरलाच, तर वार्षिक सभेत.

सर्वच गावांना डोंगर विकत घेणे शक्य नाही, आणि ज्या लोकांचा डोंगरावरील हक्क खरेदीखताच्याही पूर्वीचा आहे, त्यांच्यापुढे तर हा मार्ग खुलाच नाही. अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ शहराच्या उत्तरेस सॅन फ्रान्सिस्को नावाची शिखरे आहेत. सर्वांत उंच शिखर ३,८५० मीटरांहून किंचित अधिक. हॉपी लोकांच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारे काचिना दैवतगण तेथे वास करतात, नावाहो लोकांच्या भूमीच्या चार पवित्र सीमापर्वतांपैकी पश्चिमेचा पर्वत तो हाच, आणि एकूण तेरा आदिवासी जमाती त्याला पूज्य मानतात. याच पर्वताच्या अंगावर, राष्ट्रीय वनाच्या ७७७ एकरांवर, स्नोबोल हे स्की-क्षेत्र आहे, आणि तेथे १९३८ पासून स्कीइंग चालत आले. वाळवंटाच्या कडेवरील या डोंगरावर हिमवर्षाव बेभरवशाचा. म्हणून फ्लॅगस्टाफच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून, ते नळाने डोंगरावर चढवून, त्याचे कृत्रिम बर्फ पाडण्याची योजना चालकांनी मांडली, आणि २००५ साली वनखात्याने तीस मंजुरी दिली.

जमातींनी दाद मागितली. ज्या डोंगरावरून औषधी वनस्पती आणि पूजेचे पाणी आणावयाचे, त्यावर शौचकूपांतून आणि इस्पितळांतून आलेले पाणी शिंपडणे म्हणजे देवालयात मैला टाकणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. २००७ साली अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००८ साली त्याच न्यायालयाच्या विस्तृत पीठाने बहुमताने तो फिरविला आणि म्हटले, की कोणत्याही झाडाला वा स्थळाला इजा होत नाही, यात्रेकरूंना येण्यास मज्जाव नाही, भक्तांच्या भावनेला आघात होतो इतकेच, आणि तेवढ्यावरून सरकारने आपल्या जमिनीचा वापर थांबवावा असा कायद्याचा अर्थ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि २०१२ च्या हिवाळ्यापासून त्या पर्वतावर सांडपाण्याचे बर्फ पडू लागले. कायदेशीर युक्तिवादात जो जिंकला तो जिंकला. पण भावनेला केवळ भावना ठरवून बाजूस सारणाऱ्या निकालाने शेजार सुधारत नाही. वादी जमातींपैकी एक, व्हाइट माउंटन अपाचे, याच प्रांतात स्वतःच्या भूमीवर सनराइझ नावाचे स्की-क्षेत्र चालवीत असते, ही गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे, कारण स्कीइंगला त्यांचा विरोध होता हा आक्षेप तीमुळे निकालात निघतो.

कधीकधी मात्र मक्तेदार आपण होऊन सुधारणा करतो. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक जेथे भरले त्या कॅलिफोर्नियातील लेक टाहोजवळच्या क्षेत्राच्या नावात आदिवासी स्त्रियांना उद्देशून वापरली जाणारी एक शिवी होती. वाशो जमातीची तक्रार वर्षानुवर्षे असूनही ते नाव सुस्थापित म्हणून टिकून राहिले, आणि अखेर २०२१ च्या सप्टेंबरात चालकांनी ते टाकून पॅलिसेड्स टाहो हे नवे नाव धारण केले. पाट्या बदलण्यास खर्च आला, जुन्या गिऱ्हाइकांचा रोष आला. परंतु बर्फाच्या एका यंत्राचीही किंमत त्यात गुंतली नव्हती, हेही नमूद करावयास हवे.

प्रश्न खरा कठीण होतो तो घर आणि पगार यांच्या दारी. हंगामी घरे प्रवाशांना भाड्याने देण्यात इतका नफा आहे, की पाळण्यावर, स्वयंपाकघरात, पहाऱ्यावर काम करणाऱ्याला त्या गावात छप्पर मिळत नाही. युटातील पार्क सिटी येथे हिमकोसळीचा धोका निवारणाऱ्या आणि जखमींना उचलून आणणाऱ्या पहारेकऱ्यांच्या युनियनने तासाला २१ डॉलरांऐवजी २३ डॉलर प्रारंभिक वेतन मागितले, आणि ते न मिळाल्यामुळे २७ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या ऐन गर्दीत, संप पुकारला. तेरा दिवस डोंगराचा मोठा भाग बंद राहिला, रांगा वाढल्या, आणि तिकिटाचे दाम मोजूनही मनाजोगे घसरता न आलेल्या पाहुण्यांचा राग कंपनीवर निघाला, तर संपनिधीला देणग्या देणाऱ्यांतही डोंगरावर नित्य येणारे लोक होते. शेवटी मागणी मान्य झाली. लोकसहभागाच्या किती अहवालांत या तेरा दिवसांचा समावेश होईल, याची मला शंका वाटते.

व्हेलच्या नगरपालिकेने या संकटावर एक चतुर तोडगा काढला आहे. २०१७ पासून ती घरमालकाला रोख रक्कम देते, आणि मोबदल्यात त्याच्या खरेदीखतावर अशी अट चढवून घेते, की या घरात यापुढे त्या परिसरात काम करणारा माणूसच राहील. घराची मालकी बदलली तरी अट बदलत नाही. पण त्याच गावात २०१९ साली, व्हेल रिसॉर्ट्स कंपनीच्या मालकीच्या महामार्गालगतच्या जमिनीवर नोकरांसाठी १६५ खाटांची वसाहत उभारण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा असे निघाले, की ती जागा मोठ्या, वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्यांच्या हिवाळी चरणीची आहे. गावात दोन तट पडले. पुढे निवडून आलेल्या नगरमंडळाने २०२२ साली सक्तीने भूसंपादन करण्याचा ठराव केला, कंपनीने प्रतिकार केला, आणि २०२३ साली एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलरांवर तडजोड होऊन जमीन गावाकडे आली. एरवी घरे न बांधल्याबद्दल ज्या कंपनीला दोष दिला जाई, तिला येथे घरे बांधण्यापासून गावानेच रोखले. आणि मेंढ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांतले पुष्कळजण स्वतः सुस्थापित घरमालक आहेत, असे म्हणणाऱ्या कामगारांना निरुत्तर करणारे उत्तर मेंढीप्रेमींकडे नव्हते, तसेच चरण एकदा गेले की परत येत नाही, या मेंढीप्रेमींच्या म्हणण्याला कामगारांकडे नव्हते. मेंढ्यांचा उतार शाबूत राहिला, आणि १६५ खाटांपैकी एकही त्या जागेवर पडली नाही.